सरकारी वकील कोणाचा?

फौजदारी खटला न्यायालयात पुकारला जातो, तेव्हा त्याच्या शीर्षकात फिर्यादीचे नाव नसते. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आणि पुढे आरोपीचे नाव, एवढेच असते. मार एखाद्या कुटुंबाने खाल्लेला असतो, पण न्याय मागण्यासाठी राज्य उभे राहते. गुन्हा एका व्यक्तीवर घडला तरी तो साऱ्या समाजाच्या सुरक्षिततेवरचा आघात असतो, हे आपल्या कायद्याचे अधिष्ठान आहे. त्या समाजाच्या वतीने न्यायालयात बोलणारी व्यक्ती म्हणजे सरकारी वकील. तरीही सामान्य माणूस त्याला कधी पोलिसांचा वकील समजतो, तर कधी सत्ताधाऱ्यांचा. ‘हा आपला वकील आहे’ असे त्याला क्वचितच वाटते. कायद्याला नेमके काय अभिप्रेत आहे आणि नागरिक म्हणून आपल्या हाती काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

प्रथम या पदांची रचना पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७६ प्रमाणे केंद्र सरकारला कायदेविषयक सल्ला देण्यासाठी महान्यायवादी असतात, तर अनुच्छेद १६५ प्रमाणे प्रत्येक राज्याला महाधिवक्ता असतात. उच्च न्यायालयात व सत्र न्यायालयात सरकारी वकील, तर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सहायक सरकारी अभियोक्ता फौजदारी खटले चालवतात. पूर्वी ही पदे फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २४ व २५ खाली येत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ व १९ खाली येतात. या साऱ्यांची नेमणूक सरकार करते आणि त्यांचे मानधन किंवा वेतन सरकारी तिजोरीतून जाते. मात्र ती तिजोरी जनतेची आहे. म्हणूनच नेमणारा हात सरकारचा असला, तरी खरे अशील जनताच असते. आमच्या मते सरकारी वकिलाची सर्व कर्तव्ये या एका भेदातून निघतात.

त्याचे पहिले कर्तव्य म्हणजे तपासयंत्रणेपासून स्वतंत्र राहणे. महाराष्ट्रातील ‘टाडा’ कायद्याखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हे स्पष्ट केले. आरोपीला अधिक काळ कोठडीत ठेवायचे असल्यास त्या कायद्यानुसार सरकारी वकिलाचा अहवाल आवश्यक होता. पोलिसांची मागणी जशीच्या तशी पुढे पाठवणे म्हणजे अहवाल नव्हे. तपास कुठवर आला आणि मुदतवाढ खरोखर हवी आहे काय, हे वकिलाने स्वतःच्या बुद्धीने तपासले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, सहायक सरकारी अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या नियंत्रणातून बाहेर काढून त्यांची स्वतंत्र व्यवस्था करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला दिला. ज्याने तपास पारखून घ्यायचा, तोच तपास करणाऱ्याच्या हाताखाली असेल तर पारख होणार कशी, हा त्यामागचा साधा विचार होता.

दुसरे कर्तव्य सत्याशी निष्ठा हे होय. आरोपीला कसेही करून शिक्षा मिळवून देणे हे सरकारी वकिलाचे काम नाही. आरोपीच्या बाजूची एखादी न्याय्य गोष्ट बचाव पक्षाच्या नजरेतून सुटली असेल, तर तीही त्याने न्यायालयापुढे आणावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले आहे. याचा अर्थ त्याने ढिलाई करावी असा मुळीच नाही. गुजरातमधील बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात १४ जणांचा बळी गेला होता. २००३ साली साक्षीदार फिरले आणि सर्व २१ आरोपी निर्दोष सुटले. तेथील सरकारी वकील सत्य मांडण्याऐवजी बचाव पक्षाच्या वकिलासारखा वागला, असा कठोर ठपका सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठेवला आणि खटला महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा आदेश दिला. मुंबईत झालेल्या फेरखटल्यात २००६ साली नऊ जणांना जन्मठेप झाली. त्यांपैकी काहींची शिक्षा पुढे उच्च न्यायालयाने रद्द केली. घटना एकच, आरोपही तेच. पण खटला कोण आणि कसा चालवतो, यावर पीडितांचे भवितव्य किती अवलंबून असते, हे यातून दिसते.

तिसरे कर्तव्य सर्वांत कठीण आहे. सरकार स्वतः चुकले असेल, तर ती चूक झाकायची नाही. याचा आदर्श आपल्या प्रजासत्ताकाच्या आरंभीच घालून दिला गेला. आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग विकत घेतले. पैसा सामान्य विमेदारांचा होता. फिरोज गांधी यांनी लोकसभेत हा प्रश्न उपस्थित केल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमण्यात आला. आयोगाचे काम मुंबईत जनतेसमोर, उघडपणे चालले. त्याच्या साहाय्याला देशाचे पहिले महान्यायवादी एम. सी. सेटलवाड उभे होते. सरकारचा सर्वोच्च वकील सरकारच्याच व्यवहाराची चिरफाड करीत होता. मंत्र्याची घटनात्मक जबाबदारी आयोगाने निश्चित केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. सेटलवाड मात्र १९६३ पर्यंत महान्यायवादी राहिले. वकिलाने सत्य मांडले आणि सरकारने ते सोसले, या दोन्ही गोष्टी येथे सारख्याच मोलाच्या आहेत.

खटला मागे घेण्याच्या अधिकारातही हीच कसोटी लागते. सरकारची इच्छा असली तरी खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलाने स्वतः विचार करून द्यायचा असतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. नव्या संहितेच्या कलम ३६० मध्ये आणखी एक संरक्षण आले आहे. पीडिताचे म्हणणे ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला अशी परवानगी देता येत नाही.

आता प्रश्न असा की, वकिलाची नेमणूकच मर्जीवर झाली, तर एवढे धैर्य त्याच्यात कोठून येणार? उत्तर प्रदेश सरकारने १९९० साली एका आदेशाने सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांच्या नेमणुका संपुष्टात आणल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश समानतेच्या तत्त्वाला, म्हणजे अनुच्छेद १४ ला, विसंगत ठरवून रद्द केला. २०१६ मध्ये पंजाब व हरियाणाच्या संदर्भात त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की, सरकारी वकिलांची निवड गुणवत्तेवर आणि पारदर्शक रीतीनेच झाली पाहिजे. हे निर्णय कागदावर राहू नयेत यासाठी समाजाचे लक्ष लागते.

हे लक्ष कसे ठेवावे? फौजदारी खटल्यात सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने पीडिताला स्वतःच्या पसंतीचा वकील देता येतो. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खालील प्रकरणांत अधिकार याहून व्यापक आहेत. कलम १५अ नुसार जामिनासह प्रत्येक सुनावणीची माहिती पीडिताला मिळाली पाहिजे. ती देण्याची जबाबदारी विशेष सरकारी वकिलावर किंवा राज्य शासनावर आहे. जामीन, दोषमुक्ती, शिक्षा अशा टप्प्यांवर पीडिताला आपले म्हणणे मांडता येते. या कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ४ प्रमाणे विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, घेतला जावा लागतो. पीडिताच्या इच्छेनुसार नामवंत ज्येष्ठ वकील नेमण्याची तरतूदही त्यात आहे. तारखेला न्यायालयात हजर राहणे, वकिलाला वेळीच कागदपत्रे देणे, साक्षीदारांना धीर देणे आणि आढाव्याची विचारणा लेखी करणे, एवढे जरी आपण नियमितपणे केले तरी पुष्कळ साधेल.

या स्मरणिकेचे अनेक वाचक माजी विद्यार्थी आहेत. वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलांना न्यायाची गरज पुस्तकातून समजावून सांगावी लागत नाही. आपल्यातील पुष्कळ जण शिक्षक झाले, अभियंते झाले, काही प्रशासनात गेले. विधी शाखेकडे वळणाऱ्या तरुणांनी सरकारी वकिलीचाही गांभीर्याने विचार करावा, अशी आमची विनंती आहे. सहायक सरकारी अभियोक्ता या पदाची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. जेथे साक्षीदार घाबरून बोलतात आणि फिर्यादी एकटा पडतो, तेथे त्यांच्या बाजूने उभा राहणारा अभ्यासू, निर्भय वकील मिळणे ही समाजाची मोठी गरज आहे. ती पुरी करणारी माणसे आपल्याच शाळांतून घडली पाहिजेत.