पांढरा चहा : कौतुक किती, औषध किती?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. मुलाने त्यांना पांढऱ्या चहाचा लहानसा डबा पाठवला होता. "डॉक्टर, याने साखर उतरते म्हणतात. तीन आठवडे झाले, गोळ्या बंद ठेवल्यात." उपाशीपोटी साखर तपासली, २४० निघाली. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या. डब्याबद्दल मात्र मलाही कुतूहल होते.

वाचकहो, पांढऱ्या चहाचे झाड वेगळे नसते. आपला रोजचा चहा, हिरवा चहा आणि हा, तिन्ही एकाच झुडपाचे. फरक खुडण्यात आणि वाळवण्यात. चीनच्या फुजियान प्रांतातील फूडिंग आणि झेंगहे हा याचा जुना मुलूख. तिथे वसंताच्या सुरुवातीला, पाने उलगडण्याआधीच, उत्तम प्रतीसाठी नुसत्या कळ्या हाताने खुडतात. कळीवर चंदेरी लव असते, म्हणून 'पांढरा'. या कळ्या मळत नाहीत, भाजत नाहीत. पसरून कोमेजू देतात आणि हलकेच वाळवतात. किलोभर चहाला हजारो कळ्या लागतात, हंगामही थोड्याच दिवसांचा. भाव चढा असतो तो यामुळे. आपल्याकडे दार्जिलिंग आणि निलगिरीतही हा चहा थोडाफार होतो.

तो उकळायचा नसतो. पाणी उकळून दोन-चार मिनिटे निवू द्यावे, मग कळ्या चार-पाच मिनिटे भिजवाव्यात. दूध घातले की चव बुडालीच. आमच्या घरी पहिल्या घोटाला शेरा मिळाला, "हे तर नुसते गरम पाणी!" दुसऱ्या कपाला फिकट गोडवा लक्षात आला.

आता औषधाचे. यातील कॅटेचिन द्रव्यांचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. पण मधुमेहाच्या गोळ्यांची जागा हा चहा घेतो, असा पुरावा माणसांवरील अभ्यासांत नाही. 'यात कॅफीन नसते' हेही खोटे. कोवळ्या कळीत ते चांगलेच असते, तेव्हा झोपेची तक्रार असणाऱ्यांनी रात्री घेऊ नये. शिवाय कुठलाही चहा जेवणाबरोबर घेतला, तर भाजी-भाकरीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. रक्त कमी असलेल्या बायाबापड्यांनी जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

गुरुजींनी विचारले, "मग उरलेला डबा फेकू?" मी म्हटले, "छे! दिवसाचे चार गोड चहा घेता, त्यातले दोन काढा आणि त्यांच्या जागी हा बिनसाखरेचा घ्या. गोळ्या वेळेवर." पंधरा दिवसांनी साखर पुन्हा तपासायची आहे.