बसलेला सारस उठला, की मागे फिरा

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या सौंदड गावापासून समुद्र फार दूर. पण अंड्यांवर आलेला जीव पाहायला माणसांची झुंबड उडाली की काय होते, हे कळायला आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांना कोकणात कासवांच्या किनाऱ्यावर जावे लागत नाही. आमच्याकडे धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, सारस पक्षी घरटे करतो. महाराष्ट्रात तो उरला आहे मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात, आणि तोही मोजकाच.

रोवणी आटोपून बांध्या पाण्याने भरल्या की जोडी गवत आणि पाणवनस्पती ओढून मोठा ढीग रचते. अंडी बहुधा दोन. नर-मादी ती आळीपाळीने जवळजवळ महिनाभर उबवतात.

एका पावसाळ्यात अशा एका घरट्याची जागा मोबाइलवरून पसरली. दुपारी रस्त्यावर गाड्या लागल्या आणि माणसे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आत शिरली. मी शेतमालकासोबत रस्त्यावर होतो. बसलेला सारस उठला, मान ताणून उभा राहिला. जोडीदार ओरडत आला आणि दोघे घरट्यापासून दूर चालू लागले. पक्षी फोटो काढू देतोय असे समजून लोक आणखी पुढे सरकले. शेतमालक हाका मारून थकला. लख्ख उन्हात अंडी उघडी पडली आणि कावळ्यांनी ती फोडली. "धान गेलं तं पुढच्या साली होते भाऊ, हे कुठून आणाचं?" एवढेच तो बोलला. त्या बांधीत त्या साली पिल्लू फिरले नाही.

कोकणातल्या कासवांचे वेगळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी 2002 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. तिथे मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परत जाते, म्हणून ती अंडी कुंपणाच्या आत हलवता येतात. पिल्ले सोडताना पाहुणे दोरीमागे उभे राहतात. सारसाच्या बाबतीत ही सोय नाही. आईबापच घरट्यावर बसलेले असतात, आणि ते उठले की अंड्यांना राखणारे कोणी उरत नाही. दोरी बांधायला बांधीत कोणी येणार नाही, ती आपली आपणच मानायची.

म्हणून माझे सांगणे असे: घरट्याकडे जाऊच नका. जाता जाता दिसले तर रस्त्यावरूनच, दुर्बिणीने, थोडा वेळ पाहा. बसलेला पक्षी उठला किंवा जोडी ओरडू लागली, तर तुम्ही फार जवळ आला आहात. आल्या वाटेने लगेच मागे फिरा. ड्रोन नको, सारसाच्या आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवणे नको, सोबत कुत्रा तर मुळीच नको. बांधी शेतकऱ्याची आहे, त्याला विचारल्याशिवाय धुऱ्यावर पाय ठेवू नका. घरटे वाचते ते त्याच्याच भरवशावर. गोंदियाची सेवा संस्था गावोगावच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन काम करते ते याचसाठी. फोटो असला तरी पिल्ले मोठी होईपर्यंत गावाचे नाव, शेताची खूण कुठेही टाकू नका. कोणी अंडी उचलताना किंवा पक्ष्याला त्रास देताना दिसला, तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.

सारस मनसोक्त पाहायचा असेल तर धान कापणीनंतर या. तेव्हा आईबाप पिल्लाला घेऊन मोकळ्या शेतांत आणि तलावांच्या काठी चरतात, आणि चांगली दुर्बीण असली तर सडकेवरूनही सगळे कुटुंब नीट दिसते.