धूर गेला कुठे?

इलेक्ट्रिक स्कूटरला सायलेन्सर नाही म्हणून प्रदूषणही नाही, असं आपण धरून चालतो. हिशोब मांडून पाहू.

पेट्रोलची स्कूटर लिटरला ५० किमी देते असं धरा. एक लिटर जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १०० किमीला ४.६ किलो. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जरमधली आणि तारांमधली गळती धरून तेवढ्याच अंतराला ४ युनिट लागतात असं समजू. कोळशावरच्या केंद्रात एका युनिटमागे जवळपास १ किलो वायू निघतो. झाले ४ किलो! शहराची हवा सुधारली हे खरं, पण बराचसा धूर चंद्रपूरला गेला. (तिथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. शेजारी राहणाऱ्यांना विचारा.)

जल, अणू, पवन, सौर धरून देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटला ०.७ किलोच्या आसपास येते. मग स्कूटर २.८ वर उतरते. गाडी तीच, फक्त वीज बदलली.

आता वेळेचं बघा. आपण गाडी चार्जिंगला लावतो रात्री जेवण झाल्यावर, तेव्हा सौरवीज शून्य आणि बहुतेक भार कोळशावर. त्यापेक्षा होस्टेलच्या पार्किंगवर पॅनेल टाकून दुपारी तिथंच चार्जिंग करता येईल. १ किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे एका स्कूटरचे १०० किमी.