सूर्याच्या पोटात काय चालते?



आपली तापी म्हणजे सूर्यकन्या, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. आज तिच्या पित्याच्या पोटात काय चालते, ते पाहू.

सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. तेथे हायड्रोजनपासून हेलियम बनते व ऊर्जा बाहेर पडते. या राजमार्गाला एक आडवाट आहे. तिच्यात बेरिलियम-७ च्या केंद्रकात एक प्रोटॉन शिरतो आणि बोरॉन-८ तयार होते. ते फार टिकत नाही. फुटताना ते न्यूट्रिनो नावाचा कण सोडते. हा कण सूर्यातून थेट बाहेर निघतो व सुमारे ८ मिनिटांत आपल्यापर्यंत येतो.

अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी सोन्याच्या खोल खाणीत टाकी बसवून असे न्यूट्रिनो मोजले. ते अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांशच भरले! मग चुकले कोण? सूर्याचे गणित की न्यूट्रिनोविषयीची आपली समजूत? कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने २००१-०२ मध्ये दाखवले की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. डेव्हिस यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही हिशेब पक्का करण्यासाठी बोरॉन-८ किती वेगाने बनते, हे मोजणे आवश्यकच होते.

येथे अडचण अशी की, बेरिलियम-७ किरणोत्सारी आहे. दर ५३ दिवसांनी ते निम्मे उरते. कॅरममध्ये सोंगटी स्थिर असते आणि आपण स्ट्रायकर मारतो. पण सोंगटीच विरघळू लागली तर? तिलाच स्ट्रायकर करायचे! किरणोत्सारी कणांचा झोत वापरण्यामागची कल्पना हीच.

हे काम आपल्या देशातही झाले. नवी दिल्लीतील इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये (पूर्वीचे न्यूक्लिअर सायन्स सेंटर) पेलेट्रॉन यंत्रातून लिथियम-७ चा वेगवान झोत हायड्रोजनयुक्त पातळ पडद्यावर सोडला. काही लिथियम केंद्रकांचे बेरिलियम-७ झाले. ‘हिरा’ नावाच्या चुंबकीय व विद्युत क्षेत्रांच्या यंत्रणेने ते नेमके वेगळे काढले, जणू सुपात पाखडून दाणे निवडावेत! हा झोत मग जड हायड्रोजनवर आदळवला. त्याच्या केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची जोडी असते. बेरिलियमने प्रोटॉन घेतला, न्यूट्रॉन सुटला आणि बोरॉन-८ मिळाले. त्यावरून सूर्यातील अभिक्रियेचा वेग काढण्यात आला. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे केंद्र विद्यापीठांसाठीच उभारलेले आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभे केलेले ‘आयुका’ही त्याच धर्तीचे. लहान गावातील महाविद्यालयातून शिकून विद्यापीठात संशोधन करणाऱ्यालाही अशा यंत्रावर प्रयोगाचा प्रस्ताव देता येतो. म्हणून आपल्या मुलांनी मूळ विज्ञानाची वाट धरायची म्हटली, तर तिला नाही म्हणू नये.

स्वाध्याय
१. बेरिलियम-७ मध्ये ४ प्रोटॉन असतात. एक प्रोटॉन मिळाल्यावर बोरॉन-८ मध्ये प्रोटॉन किती व न्यूट्रॉन किती?
२. आज ८ ग्रॅम बेरिलियम-७ असेल, तर १५९ दिवसांनी किती उरेल?

(उत्तरे : १. ५ प्रोटॉन, ३ न्यूट्रॉन. २. १ ग्रॅम.)