पाहुण्यांची आगाऊ रक्कम

भातशेतीच्या उत्पन्नावर कुटुंबाचा योगक्षेम चालणे दुष्कर झाल्यामुळे मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना राहण्यास खोल्या आणि घरचे जेवण देऊन निर्वाह करणारे माझ्यासारखे शेतकरी आता कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गावोगावी आढळतात. आणि या व्यवसायाचा मुख्य हंगाम पावसाळा असल्याने वर्षभराच्या करांची तजवीजही आम्हांस बहुतांशी त्या तीन-चार महिन्यांच्या मिळकतीतूनच करावी लागते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि त्यानंतर आमच्याकडील आरक्षणे एकामागून एक रद्द झाली. ते उचितच होते. शेजारी इतका आकांत असताना कोणी सहलीस यावे असे आमच्याही मनात येत नव्हते. परंतु घेतलेले पैसे परत करण्याची वेळ आली तेव्हा त्यांवरील वस्तू व सेवा कर भरून झालेला, घरपट्टीची मागणी दारी आलेली आणि बँकेचा हप्ता मुदतीवर उभा, अशी आमची स्थिती होती. त्या पावसाळ्यात व्यवसाय टिकला तो केवळ आगाऊ रकमेचे खाते निराळे ठेवले होते म्हणून.

नोंदणीकृत व्यावसायिकाला सेवेवरील वस्तू व सेवा कर पाहुणा राहून गेल्यावर नव्हे, तर आगाऊ रक्कम हाती येताच देय होतो, हे ज्यांस ठाऊक नसते ते त्याच पैशांतून कौले शाकारतात आणि पर्यटनावर मनाई हुकूम निघून पैसे परत करण्याची वेळ आली की हतबल होतात. म्हणून पाहुणा येईपर्यंत ती रक्कम परक्याची ठेव मानावी. परत करावी लागल्यास परताव्याची रीतसर पावती करून भरलेला कर विवरणपत्रात समायोजित करून घ्यावा. नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना केवळ खोल्यांचे भाडे धरून भागत नाही. त्याच पॅनवरील जेवणावळी आणि इतर धंद्यांची उलाढालही त्यात येते.

याहून घातक समजूत आयकराविषयीची आहे. इमारत शेतात उभी आहे, सबब भाडेही शेतीचेच उत्पन्न, असा सल्ला देणारे आमच्याकडे पुष्कळ भेटतात. कायद्याने मात्र शेतीखेरीज अन्य कारणासाठी दिलेल्या इमारतीचे उत्पन्न करमुक्त नाही, आणि २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली मिळणारे नोंदणी प्रमाणपत्रही ती सूट देत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाड्याच्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कराचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे मला मनापासून स्वागतार्ह वाटते. पण त्यासोबत खरेदीवरील कराची वजावट गेली आहे. नवे पंखे, गाद्या, वातानुकूलन यंत्रे घेण्यापूर्वी त्यांवरील कर आपल्याच पदरी पडणार असे धरून भाडे ठरवावे.

शासनाने हंगामी व्यवसायाची घरपट्टी हंगामानुसार घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण आठ महिने रिकाम्या राहणाऱ्या खोलीवर बाराही महिने व्यापारी वापराची आकारणी होणे अन्यायाचे आहे. ते होईतो ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नमुना ८ चा उतारा काढून पाहावा. कुटुंबाच्या राहत्या खोल्याही व्यापारी म्हणून नोंदल्या गेल्या असतील, तर आकारणी यादी प्रसिद्ध होताच मुदतीत लेखी हरकत रुजू करून तिची पोच घ्यावी.