फॅट कमी लागली म्हणजे पाणी घातलं असं नाही


संकलन केंद्रावर एचएफ गायीच्या दुधाला फॅट कमी लागली की पहिला संशय धार काढणारीवर. पाणी घातलं असेल, नाहीतर साय काढली असेल! घरात बोलणी बसतात ती वेगळीच. म्हणून फॅट मुळात बनते कशी, ते आज पाहू.

गायीने खाल्लेली वैरण कोटीपोटात आंबते. त्यातून ॲसेटिक आम्ल तयार होतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. ते रक्तातून कासेत पोचतं आणि तिथे त्यापासून स्निग्ध आम्लं बनतात. अशी तीन आम्लं ग्लिसरॉलला जोडली की फॅट तयार. यातलं तिसरं आम्ल जोडायचं काम डीजीएटी-१ नावाचं विकर करतं. गोधडीचा शेवटचा टाका घालणारी बाईच म्हणा ना. हे विकर कसं बनवायचं ते ज्या जनुकात लिहिलेलं असतं, त्याची एक प्रत वासराला आईकडून मिळते, एक वळूकडून.

२००२ साली बेल्जियम आणि न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी गायींच्या चौदाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकातला एक लहानसा फरक दाखवून दिला. विकराच्या साखळीत २३२ व्या जागी लायसिन असेल तर फॅट जास्त, पण दूध थोडं कमी. तिथेच ॲलनिन असेल तर दूध वाढतं आणि फॅट उतरते. एचएफमध्ये दोन्ही रूपं सापडतात. जर्सीत लायसिनवालं जास्त.

आणि आपली जनावरं? करनालच्या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशी गायी आणि म्हशी तपासल्या, तर सगळीकडे लायसिनवालंच रूप निघालं. तेव्हा "फॅटचं जनुक असलेली म्हैस" म्हणून कोणी चार पैसे जास्त मागितले तर देऊ नका, ते शेजारणीच्या म्हशीतही आहे. दोन म्हशींच्या फॅटमधला फरक इतर जनुकं, वेताचे दिवस आणि वैरण यांतून येतो.

गटाचं कर्ज काढून जनावर घेताना नुसत्या फॅटच्या आकड्याला भुलू नये, असं माझं मत आहे. ३.५ फॅटचं १० किलो दूध म्हणजे ३५० ग्रॅम फॅट. ७ फॅटचं ५ किलो दूध म्हणजेही ३५० ग्रॅमच. केंद्राचा दरतक्ता आणि वैरणीचा खर्च शेजारी ठेवून हिशेब करा.

जनुक आपल्या हातात नाही, वैरण आहे. कडबा कमी आणि मक्याचा भरडा जास्त झाला की फॅट उतरते. कुट्टी फार बारीक केली तरी तेच. शेवटच्या धारेत फॅट सर्वात जास्त असते. ती कासेत राहिली तर मापात येत नाही. म्हणून वासराला आधी पाजा, मग पूर्ण धार काढा. वासराचं पोट मात्र मारू नका.

आता केंद्रावरची गोष्ट. नमुना घेण्याआधी दूध ढवळायला सांगा, कारण साय वर येते. पावतीवर फॅट आणि एसएनएफ दोन्ही आकडे बघा. पाणी घातलं तर दोन्ही उतरतात. एसएनएफ नेहमीइतकं असून फॅट तेवढी कमी असेल, तर पाण्याचा आळ घेता येत नाही. साय काढल्याचा संशय उरला, तर केंद्राच्या माणसाला गोठ्यावर बोलवा, त्याच्या समोर पूर्ण धार काढा आणि त्याच दुधाचा नमुना लावायला सांगा.