नियम एक, निवाडे दोन

सॉफ्टबॉल म्हटले की आपल्या शालेय स्पर्धांत वाढलेल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे जलद फेकीचा खेळ उभा राहतो. या लेखात आम्हांला विचार करावयाचा आहे तो त्याच्या संथ भावंडाचा, म्हणजे अमेरिकेतील स्लो पिच सॉफ्टबॉलचा. दिवसभराची नोकरी आटोपून संध्याकाळी सार्वजनिक उद्यानांतील मैदानांवर जमणारे कारखान्यांचे, कार्यालयांचे, चर्चचे संघ तो खेळतात. बक्षीस म्हणजे फार तर एखादा चषक. तरीही या हौशी खेळात वाद कमी होत नाहीत, आणि त्यांतील पुष्कळसे वाद नियम काय आहे यावरून होत नसून तो आज लागू आहे की नाही यावरून होतात. भगवान बुद्धांच्या विनयाचा आदर करणाऱ्या संस्थेच्या स्मरणिकेत या प्रश्नाला जागा देणे आम्हांस म्हणूनच अप्रस्तुत वाटत नाही.

या खेळाचा प्राण चेंडूच्या कमानीत आहे. पिचरने पन्नास फुटांवरून, हात खालून आणून, चेंडू असा उंच सोडावयाचा की तो कमान घेत फलंदाजाकडे उतरावा. यूएसए सॉफ्टबॉल या संघटनेच्या नियमाप्रमाणे कमानीचा माथा जमिनीपासून किमान सहा आणि कमाल दहा फुटांवर असला पाहिजे. त्याहून सपाट किंवा उंच फेक बेकायदा. आता ही उंची मोजावयाची कशी? मैदानात मोजपट्टी नसते. होम प्लेटमागे उभ्या असलेल्या एका पंचाचे दोन डोळे, एवढेच साधन. चेंडू अर्ध्या वाटेवर माथा गाठतो त्या क्षणी पंचाने मनाशी निर्णय करून, चेंडू हवेत असतानाच, फेक बेकायदा असल्याचे मोठ्याने सांगावयाचे असते. फलंदाजाने तरीही बॅट फिरवली तर ती फेक कायदेशीर धरली जाते. ही तरतूद आम्हांस फार समंजस वाटते, कारण सपाट फेकीचा लाभ फेकणाऱ्याला मिळू नये एवढाच नियमाचा हेतू तीत सांभाळला आहे.

साडेपाच आणि सहा फुटांतील फरक डोळ्याने दर वेळी ओळखता येईल असे कोणीही म्हणणार नाही. पंचाची ही चूक क्षम्य आहे, कारण ती आज एका संघाला भोवते, उद्या दुसऱ्याला. काही ठिकाणी होम प्लेटच्या मागे चटई अंथरतात आणि चेंडू तिच्यावर पडला की स्ट्राइक देतात. त्यामुळे चेंडू कोठे पडला हा वाद मिटतो, मात्र उंचीचा तसाच राहतो. खरी अडचण याच्या पलीकडची आहे. प्रत्येक सपाट फेक पुकारली तर फलंदाज नुसते चालत पहिल्या बेसवर जातील, खेळ रेंगाळेल, आणि पुढच्या सामन्याचे संघ कुंपणापाशी ताटकळत उभे राहतील. म्हणून पंच कानाडोळा करतो. खेळाडूंनाही ते हवे असते. पाच डाव असे सुरळीत जातात. मग शेवटच्या डावात, गुण बरोबरीला आले असता, प्रतिस्पर्धी कर्णधार ओरडतो, ‘पंच, उंची पाहा!’ आणि संध्याकाळभर जी फेक चालली तीच एकाएकी बेकायदा ठरते. नियमपुस्तकाप्रमाणे पंचाचे चुकले असे म्हणता येत नाही. पण पिचरच्या दृष्टीने त्या क्षणी एक नवाच नियम जन्माला आलेला असतो.

बॅटची कथा याहून विचित्र. खेळाडूच्या गळ्यातील साखळी पंचाला दिसते, म्हणून ती तो काढावयास लावतो. बॅटची भिंत आतून तासून ती अधिक उसळी घेणारी केलेली असेल, तर तिच्यावरचा मान्यतेचा शिक्का जसाच्या तसा असल्याने ती तपासणीतून सुटते. काही स्पर्धांत बॅट यंत्रात दाबून तपासतात. उद्यानातल्या सामन्यात ती सोय कोठून असणार? साखळीने फारसे कोणी जखमी होत नाही. तासलेल्या बॅटवरून सुटलेला चेंडू मात्र थेट पिचरच्या तोंडावर येऊ शकतो.

झोपलेला नियम कोणाच्या सोयीने जागा होतो, याचे प्रसिद्ध उदाहरण सॉफ्टबॉलच्या थोरल्या भावाचे, बेसबॉलचे आहे. २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या डावात होमरन मारून संघाला ५-४ असे पुढे नेले. तोच यांकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन पंचांकडे गेले. बॅटवर पकडीसाठी लावलेले पाइन टार अठरा इंचांपलीकडे गेले आहे, अशी त्यांची तक्रार होती. ही गोष्ट यांकीजच्या लक्षात आधीच आलेली होती. ती उपयोगी पडेल त्या क्षणापर्यंत राखून ठेवली गेली. पंचांनी सतरा इंच रुंदीच्या होम प्लेटशी बॅट धरून मोजली, ब्रेटला बाद दिले आणि सामना संपला. लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी तो निर्णय फिरवला. अशी बॅट सामन्यातून बाजूला काढावयास हवी होती, पण मारलेला फटका रद्द करणे नियमाच्या हेतूला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८ ऑगस्टला उरलेला खेळ झाला आणि रॉयल्स ५-४ असे जिंकले.

खेळातील फेकीची तुलना आम्हांस पाण्याच्या हक्काशी करावयाची नाही. तथापि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला आणि १९२७ पर्यंत तो कागदावरच राहिला, हे ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला नियम झोपवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो हे निराळे सांगावयास नको.

एकाच कृत्याला दोन निवाडे मिळाल्याने काय होते, हे कोसंबीच्या कथेत दिसते. घोषितारामात एका धम्मकथिक भिक्खूने प्रक्षालनगृहातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवले. विनयधर भिक्खूने ते पाहून हा दोष असल्याचे सांगितले. धम्मकथिक तत्काळ दोष कबूल करावयास तयार झाला. तेव्हा, नकळत झाले असेल तर दोष नाही, असे विनयधरच म्हणाला. येथेच प्रकरण मिटावयाचे. परंतु त्याच विनयधराने पुढे आपल्या शिष्यांना सांगितले की, त्या भिक्खूकडून दोष घडला आहे आणि त्याला त्याची जाणीवही नाही. शिष्यांकडून शिष्यांकडे बोलणे गेले, धम्मकथिकाने विनयधराला खोटारडा म्हटले, त्याच्यावर बहिष्काराचे कर्म झाले आणि संघ दुभंगला. तथागतांनी दोन्ही पक्षांची समजूत घातली. ती कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. भांडे क्षुल्लक होते. दुखले ते दोन निवाड्यांमुळे.

विनयाची रचना पाहिली की या दुखण्याची जाण तिच्यात जागोजाग आढळते. पातिमोक्ख दर पंधरवड्याच्या उपोसथाला सर्वांसमक्ष म्हटले जाते, त्यामुळे कोणताही नियम झोपी जात नाही. वाद मिटवावयाचा तो संबंधितांच्या समोर, पाठीमागे नव्हे. आणि ज्याच्या कृत्यावरून नियम केला गेला त्या पहिल्या कर्त्याला त्या नियमाचा दोष लागत नाही. सुदिन्नाची तथागतांनी कठोर निर्भर्त्सना केली, पण पाराजिक त्याला लागले नाही. शेवटच्या डावात अकस्मात जाग्या केलेल्या नियमाचा पहिला बळी ठरणाऱ्या पिचरला या न्यायाने निदान एक समज मिळावयास हवी.

कोणत्याही वसतिगृहात राहिलेल्यांना हे नवे नाही. रात्रीच्या अभ्यासाची घंटा महिनोन् महिने सैल असते आणि पाहुणे यावयाच्या आदल्या दिवशी एकाएकी कडक होते. त्या दिवशी सापडलेला मुलगा आपले चुकले असे मानीत नाही. आज आपली पाळी होती, एवढेच तो शिकतो.

सॉफ्टबॉलमध्ये सामन्यापूर्वी पंच दोन्ही कर्णधारांना होम प्लेटपाशी बोलावून त्या मैदानापुरते नियम सांगतो. हा प्रघात दोन मिनिटांत उरकण्याचा नाही. क्रीडाशिक्षकांनी करून पाहावा असा एक सराव आम्ही सुचवितो. एका बांबूवर सहा आणि दहा फुटांच्या खुणा करून तो फेकीच्या वाटेच्या मध्यावर, जरा बाजूला रोवावा. दोन्ही संघांच्या पिचरनी दहा-दहा चेंडू टाकावेत. पंचाने प्रत्येक फेकीवर आपला निर्णय मोठ्याने सांगावा, आणि बांबूजवळ उभ्या असलेल्या मुलाने आपल्याला दिसलेली उंची सांगावी. दोघांचे जुळत नसेल तर पुन्हा दहा चेंडू. मग बांबू उपटावा आणि सामना सुरू करावा.